उसनं देवक

आजोबा कोकणातून आले तेव्हा गिरणीत त्यांना कुणी उभं करत नव्हतं. गावचाच एक माणूस आजारी पडून परत निघाला होता. जाताना त्याने आपला गिरणीचा बिल्ला आजोबांच्या हातात ठेवला. त्या बिल्ल्यावरचं आडनाव लावून आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. तो माणूस पुन्हा आला नाही, आडनाव आमच्याकडेच राहिलं. पुढे संपात गिरणीही गेली. बाबा मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाले, आई लोकांकडे पोळ्या लाटायची आणि आम्ही दोघी बहिणी घाटकोपरच्या डोंगरावरच्या खोलीत वाढलो. पाणी खालून वर आणावं लागे. हंडे वाहत वाहत मी कॉलेज केलं. आमच्या घरात पंधरावी झालेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

आता आम्ही बोरीवलीला भाड्याने राहतो. बाबा नाहीत. माझी नोकरी अंधेरीला आहे आणि ती काय आहे हे आईला अजून नीट पटलेलं नाही. स्कॉटलंड सोडून ज्यांचे पणजे-खापरपणजे कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले, अशी माणसं आम्हाला आपलं आडनाव कळवतात. ते आडनाव कुठल्या कुळाचं, ते मी शोधायचं आणि त्या कुळाचं टार्टन सांगायचं. टार्टन म्हणजे चौकटीचं लोकरी कापड, प्रत्येक कुळाच्या चौकटी वेगळ्या. लग्नात नवरामुलगा त्याचा घागऱ्यासारखा किल्ट नेसतो.

"म्हणजे लुंगीचं कापड," आई म्हणाली होती. "एवढ्यासाठी पंधरावी केलीस?"

दिवसभर हिरव्या-लाल चौकटी बघून डोळे शिणतात. संध्याकाळी भिंतीवरही चौकटीच दिसतात. पुष्कळ आडनावं कुठल्याच कुळाची नसतात. कित्येक गरीब घरांनी आसऱ्यासाठी मोठ्या सरदाराचं नाव लावलेलं असतं, रक्ताचं नातं काही नाही. ज्यांना कूळच सापडत नाही त्यांच्यासाठी कुणीही नेसावं असं सगळ्यांचं टार्टन असतं. पण ते सांगितलं की माणसं हिरमुसतात. म्हणून आमच्या मॅनेजरचा नियम एकच, "नाही म्हणायचं नाही यार, जवळचं काहीतरी दे."

हे सगळं अंधेरीत सोडून घरी यायचं, अशी माझी सवय होती. मग बहिणीचं लग्न निघालं.

मुलगा तिने स्वतःच पसंत केलेला, मुलुंडचा, आमच्याच जातीतला. आई खूश होती. मुलाचे वडील बोलणी करायला आले, पोहे झाले, चहा आला आणि त्यांनी सहज विचारलं, "तुमचं देवक काय?"

"कळंब," आई ताठ बसून म्हणाली.

त्यांनी कप खाली ठेवला. "आमचाही कळंबच."

पुढे कुणाला काही बोलायची गरज नव्हती. ज्या झाडाची फांदी लग्नाआधी देवक म्हणून पुजायची, ते दोन्ही घरांचं एकच निघालं तर घरं भाऊबंद होतात. भाऊबंदांत सोयरीक होत नाही. ते गेल्यावर बहीण ओट्यापाशी उभी राहून रडली.

"ताई, तू आपलं देवक मोरपीस आहे असं सांग ना त्यांना. चुकून कळंब म्हणालो म्हण. जगाला रोज कुळं वाटतेस, मला एक दे की."

"गप गं," आई म्हणाली. "देवक काय साडी आहे, बदलून आणायला?"

मला मात्र बिल्ला आठवत होता. आडनाव उसनं, मग देवक कुणाचं?

रविवारी घाटकोपरला आत्याकडे गेले. बाबांची ही थोरली बहीण, आजोबांच्या तोंडचं ऐकलेली एकटीच उरलेली. ती कोलंबी सोलत होती.

"अगो, कळंब त्या बिल्लेवाल्याच्या घरातलो," ती म्हणाली. "ज्याच्या नावावर जेवलंय त्याचाच देवक पुजूचा, असा तुझे आजोबा म्हणायचे."

"मग आपलं खरं कुठलं?"

"त्यांकाच म्हायत नव्हता, तर माका खयसून म्हायत असतला? आईबापूस लहानपणीच गेले, मामान वाढवल्यान. जेवतलंस काय?"

जेवले. तपास तिथेच संपला होता.

घरी सांगितल्यावर आई पेटली. "हे बाहेर काढलंस तर लोक म्हणतील, यांना मूळच नाही. मोरपीस तरी बरं त्यापेक्षा."

पण मला ते जमणार नव्हतं. जवळचं काहीतरी देऊन देऊन मी कंटाळले होते. निदान आमच्या घरात तरी ते नको होतं. आईला घेऊन मुलुंडला गेले आणि मुलाच्या वडिलांना बिल्ल्यापासून मोरपिसापर्यंत सगळं सांगितलं. आई पदराचं टोक चाचपत बसली होती.

"मग खरं देवक शोधा ना," ते म्हणाले. "तुमचं तर कामच ते."

"शोधलं. आजोबांच्या मागे रस्ताच नाही."

"आणि खरंही कळंबच असलं तर?"

"असेलही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पुजतो तो कळंब आम्हाला बिल्ल्याबरोबर आला, एवढं नक्की."

ते उठून पंखा वाढवून आले. "मोरपीस म्हणाला असतात तर मला कळलंही नसतं."

"नसतंच कळलं."

"माझे वडीलही गिरणीतच होते," ते म्हणाले. "त्यांच्या खात्यात अर्धी माणसं दुसऱ्याच्या नावाने हजर असायची. भटजींना विचारून कळवतो."

दोनेक दिवस बहीण फोन उशाशी घेऊन झोपली. मग त्यांचा फोन आला. ज्यांना देवक ठाऊक नाही त्यांनी पंचपालवी पुजावी, पाच झाडांचा पाला, तो कुणालाही चालतो, असं भटजी म्हणाले होते. मला हसू आलं. सगळ्यांचं टार्टन.

आई हसली नाही. "माझ्या लग्नात सासऱ्यांनी स्वतः कळंब आणला होता," एवढंच म्हणाली. पण देवकाच्या दिवशी पाच पानं तिनेच निवडली, तिनेच बांधली. माझ्याकडे बघितलं नाही.

बहिणीचं लग्न झालं. आडनाव आम्ही तेच ठेवलं, माझ्या डिग्रीवरही तेच आहे. आमच्या घराचं देवक आता पंचपालवी.