कुलूप लातूरला, चावी पाँडिचेरीत

मी लातूर सोडलं त्या सकाळी नळाला पाणी आलं. बारा दिवसांनी आलं. रेल्वेनं पाणी आणून शहर जगवावं लागलं, तेच साल. माझी बॅग दारात आणि निरोप द्यायला एक माणूस नाही! अख्खी गल्ली पाणी भरायला. आईनं ओल्या हातानंच माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच नळाखालची कळशी सरकवली. बाबा पाइप धरून टाकीजवळ उभे. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "हाव हाव, सुखी ऱ्हा. पर जरा बाजूला सरक, पाइपावर पाय हाय तुझा." आदल्या दिवशी ठरवलेला रिक्षावाला फोन उचलेना, कारण त्याच्याही घरी पाणी आलं होतं. शेवटी बॅग ओढत एकटीच बसस्टँडवर गेले आणि हैदराबादची गाडी शोधता शोधता रडले. दुःखानं नाही, रागानं.

तर लातूर, निलंगा, उदगीरच्या आणि नांदेडपासून हिमायतनगरपर्यंत पसरलेल्या माझ्या समस्त नातेवाइकांनो, आणि माझ्यासारखंच पुणं, हैदराबाद, दुबई गाठून बसलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी पाँडिचेरीला एका दवाखान्यात नर्स आहे, टुरिस्ट कंपनी काढलेली नाही. तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन असतोच. "सुजाता, शनवार-रविवार येऊन राहिलो. दोन दिवसांत काय काय बघून होईल?" मी रजा टाकून सगळं आखावं, आणि तुम्ही दुपारी दोनपर्यंत झोपून, उठल्यावर विचारावं, "इथं मॉल न्हाई का?" नांदेडच्या मामेभावानं तर कहर केला. अख्खी फ्रेंच वस्ती फिरवली, तर म्हणे, "हे सगळं ठीक हाय, पर बघायचं काय?" म्हणून आता एकदाच लिहून ठेवते. पुन्हा विचारू नका.

सकाळी उन्हं चढायच्या आत पांढऱ्या वस्तीत, म्हणजे जुन्या फ्रेंच वस्तीत, पायी फिरा. फ्रेंचांनी बांधलेली पिवळी घरं आहेत, उंच भिंती, भिंतीवरून उतरलेला कागदी फुलांचा वेल, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर निळ्या पाट्या. पाटीवर "रू" असं लिहिलेलं दिसेल, ते फ्रेंचमध्ये रस्त्याला म्हणतात. गेटातून आत वाकून बघू नका, लोक राहतात तिथं. मग चर्चं बघा, रंगीत काचांचं सकाळी बघा. दुपारी सगळं बंद, तेव्हा माझ्या नावानं खडे न फोडता जेवून झोपा. संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता गाड्यांना बंद होतो, तिथं जुना दीपस्तंभ आहे, युद्धात मेलेल्यांचं स्मारक आहे, चाला. पोलिसांच्या डोक्यावर लाल उंच टोपी दिसेल, ती फ्रेंचांच्या वेळची आहे, हसू नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतला पांढरा मंडप. तो शेवटी ठेवा. का, ते पुढं सांगते.

हा सगळा बेत मी खरं तर तुमच्यासाठी केलाच नव्हता. केला होता बाबांसाठी.

आई गेल्यावर बाबा लातूरच्या घरात एकटे. वय झालेलं, गुडघे गेलेले, आणि अंगणात एक बोअर. दुष्काळात आमच्या गल्लीतले सगळे बोअर आटले, हा एक टिकला. तेव्हापासून सकाळी सहाला बाबा मोटरच्या बटणाच्या पेटीचं कुलूप काढणार, मोटर लावणार आणि गल्लीतल्या घराघरांत पाइप फिरवणार. कुलूप कशाला, तर कुणीही बटण दाबून मोटर जाळू नये म्हणून. मागच्या उन्हाळ्यात त्याच सांडलेल्या पाण्यावर घसरून पडले. मला चार दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या नसीमचाचीकडून. मी फोनवर किती ओरडले! "गल्लीचं पाणी तुमच्याच डोक्यावर का? नगरपालिका मेली का?" तर शांतपणे म्हणतात, "तू जेवलीस का?"

आता बाबांचं हे पाण्याचं वेड कुठून आलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे, पण आपल्या पोरांना ठाऊक नाही म्हणून लिहिते. निलंग्याकडच्या आमच्या गावात माझ्या आजोबांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून बसायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. बाबांनी लहानपणी ते बघितलेलं. पुढं आमच्या लोकांनी धम्म घेतला, बाबा शिकले, आणि उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघून नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले. गाव सोडलं म्हटलं की त्यांना राग येतो. "मी गाव सोडलं न्हाई, जिल्हा झाला म्हणून आलो," असं म्हणतात, जसं काही जिल्हा त्यांना न्यायला आला होता. लातूरच्या आमच्या गल्लीत पाटील आहेत, वाणी आहेत, चाची आहे. सगळ्यांच्या घरी आमच्या अंगणातलं पाणी. हे बाबा कधी बोलून दाखवत नाहीत, पण पाइप धरून उभे असले की त्यांची मान बघावी.

मी ठरवलं, आता पुरे. दोन दिवसांची सहल म्हणून आणायचं, शहर आवडलं की सांगायचं, आता इथंच राहायचं. परतीचं तिकीट मी काढलंच नव्हतं. हे त्यांना सांगितलं नव्हतं. फसवणूकच होती, मान्य आहे.

मीच त्यांना घेऊन आले, लातूरहून हैदराबाद, तिथून चेन्नई, मग पाँडिचेरी. वाटभर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. बाबांचा फोन बंद, कारण "बाहेरच्या राज्यात रोमिंग लागतं." ते कधीच बंद झालंय म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. शनिवारी सकाळी ते आंघोळीला गेले आणि माझ्या फोनवर नसीमचाची. "बेटा, बाबा कां हैं? पेटी की चावी किस के पास देको गए? दो दिन से मोटर बंद है."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खुंटीवर बाबांचा सदरा होता. खिशात हात घातला, तर चावी! घराबाहेर कधी मुक्काम केलेलाच नाही, मग चावी कुणाकडं द्यायची सवय कुठून असणार? कुलूप लावलं, खिशात टाकली, आले निघून दुसऱ्या राज्यात. इकडं यांचा फोन बंद, तिकडं नळ आठ दिवसांआड.

मी चाचीला म्हणाले, "बघते, सांगते." आणि फोन ठेवला. चावी परत खिशात सरकवली. बाबांना सांगितलं असतं तर ते त्याच पावली निघाले असते. मला फक्त दोन दिवस पाहिजे होते. दोन दिवसांत काय होतंय, असं मी मनाला सांगितलं. दुष्काळात वाढलेली बाई हे म्हणते, बघा.

मग निघालो. बाबांना घरं दाखवली, तर म्हणाले, "आपल्या जुन्या विश्रामगृहासारखंच हाय की, रंग तेवढा ताजा." लाल टोपीचा पोलीस दिसला, तर हळूच विचारलं, "बँडवाला का?" क्रोसाँ, म्हणजे फ्रेंचांची खारी, खाऊ घातलं, तर कागदावर सांडलेले पापुद्रे बघत बसले आणि पिशवीतून धपाटं काढलं. समुद्रासमोर मात्र बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, जमलं! तर म्हणतात, "एवढं पाणी, अन् घोटभर प्यायचं न्हाई. कोण बघून राहिलं याला?" आजूबाजूचे हजारभर लोक बघत होते, पण ते कुठं सांगता!

मग कालवा लागला. कालवा म्हणजे नालाच आहे आता. मी गाइडसारखं सांगून टाकलं की याच्या अलीकडं गोरे राहायचे, पलीकडं तमिळ लोक. बाबा थांबले. एकदा अलीकडं बघितलं, एकदा पलीकडं. "म्हणजे हितंबी गावकूस होतंच की. मला वाटलं आपल्याकडंच हाय." आणि पुढं चालायला लागले. मी ज्या वस्तीचे सेल्फी तुम्हाला पाठवत आले, तिच्याकडं एवढ्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. मला त्यांचा रागच आला. एक दिवस, बाबा, एक दिवस तरी नुसतं छान म्हणा ना!

रविवारी सकाळी बाग. बागेच्या मधोमध पांढरा मंडप आहे. मी गोष्ट सांगितली. एका राजानं वाटेत उजळलेलं सुंदर घर बघितलं, देऊळ समजून हात जोडले. लोक म्हणाले, महाराज, हे नाचणाऱ्या बाईचं घर. राजाला लाज वाटली, म्हणाला, पाडा. बाईनं हात जोडले, माझी मी पाडते. पाडलं, आणि त्या जागी लोकांसाठी तळं खोदलं. पुढं कित्येक पिढ्यांनी फ्रेंचांनी त्या तळ्याचं पाणी शहरात आणलं. त्यांच्या बादशहाला ही गोष्ट कळली, तेव्हा त्यानं बाईच्या नावानं हा मंडप बांधायला लावला.

बाबांनी चपला काढल्या. मंडपाच्या पायरीला हात लावला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाईच्या घराला हात जोडले तर राजाला लाज वाटली. अन् पाणी मात्र समद्यांनी पेलं."

माझ्याच्यानं राहवेना. मी बोलून गेले, "बाबा, चाचीचा फोन आला होता. चावी तुमच्या खिशात आहे."

त्यांचा हात खिशात गेला. "कवा आलता?"

"काल."

"काल?" एवढंच. आयुष्यात बाबांनी मला हाणलं नाही, पण त्या दिवशी हाणलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी माझ्याच फोनवरून चाचीला लावलं. "नसीमबहन, कुलूप तोडा की! तीन दिवस काय करून राहिलात?"

मी जवळच होते, ऐकू आलं. "तुमारा ताला है भाई. पूछे बगैर कैसा तोडना?"

तीन दिवस! हातोडी काय गल्लीत नव्हती? शेजारचा पाटलाचा पोरगा एका दणक्यात तोडेल असलं कुलूप. लोकांनी पाणी कुठून कुठून वाहून आणलं, टँकरमागं धावले, पण बाबांच्या कुलपाला हात लावला नाही. बाबा तिथंच बाकावर बसले. डोळे पुसले आणि मला म्हणाले, "धूळ लई हाय हितं." समुद्राकाठी कसली धूळ!

पुढचं ऐका. कुलूप तुटलं, गल्लीचं पाणी सुरू झालं, परतीचं तिकीट काढलं नाही तेही मी कबूल केलं, आणि बाबा म्हणाले, राहतो मी. मी जिंकले! पण त्या दिवसापासून त्यांचा फोन सुरू. उशाशी ठेवायचे, आंघोळीला जाताना मला सांगायचे, "वाजला तर हाक मार." वाजला नाही. दोन-तीनदा त्यांनीच लावला, तर चाची म्हणे, "सब ठीक है भाई, तुम आराम करो." रोज सकाळी सहाला उठून बाल्कनीत बसायचे आणि खालच्या तमिळ बायका घागरी भरताना बघायचे. एकदा माझ्या नळाखालची बादली भरून वाहिली, तर धावत आले, आणि नळ बंद केल्यावर उगाच नळाशीच उभे राहिले. दहा दिवस मी हे सोसलं. अकराव्या दिवशी माझं मीच परतीचं तिकीट काढलं आणि त्यांच्या पुढ्यात आपटलं. "जा! तुमचं पाणी तुम्हालाच लखलाभ!" तिकीट त्यांनी दोनदा वाचलं. दुपारी न विचारता बाजारात गेले, हातवारे करून मोठं पितळी कुलूप घेऊन आले. जाताना मला म्हणाले, "शहर चांगलं हाय तुझं." शेवटी एकदाचं म्हणाले.

कुलपाला तीन चाव्या. एक त्यांच्या खिशात, एक चाचीकडं आणि तिसरी त्यांनी मला कुरिअरनं पाठवली. माझं डोकंच फिरलं. "बाबा, मी इथून लातूरचं कुलूप कसं काढू?"

"काढू नगं. तुझ्याकडं चावी हाय म्हणल्यावर लोक तुलाबी विचारतील."

आणि विचारतात हो! वॉर्डात तीन पेशंट "सिस्टर, सिस्टर" करतात, एक आजी "तण्णी, तण्णी" म्हणजे पाणी मागते, आणि माझ्या खिशात फोन. "सुजाता बेटा, बाबा सोए हैं. मोटर चालू करूं क्या?" चावी त्यांच्या हातात, पेटी त्यांच्या समोर, आणि विचारतात मला! किती वेळा ओरडले, करा ना चाची, विचारता काय. इतकी वर्षं इथं राहते, भाडं भरते, मतदान करते, पण या शहरात कुणाचं काही माझ्याशिवाय अडलं नाही. अडावं असंही नाही, सगळं व्यवस्थित चालतं. तर घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला सरळ उत्तर देता येत नाही, चिडचिड होते. एवढंच सांगते, परवा सकाळी चाचीचा फोन आलाच नाही. अकरापर्यंत वाट बघितली. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबवेना, जिन्यात जाऊन मीच लावला.

"काय हो चाची, आज विचारलं नाही ते?"