बेटाचे पैसे

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन्सिल सुटली ती सुटलीच. पण त्या बेटाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

त्या वर्षी भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, पेरणीला अवकाश होता, म्हणून सासूबाईंनी मला लेकीला घेऊन विरारला थोरल्या बहिणीकडे जाऊ दिलं. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावजी, कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी म्हणाले, "चल गो, तुला समुद्र दाखवतो. तुमच्या गावाकडच्या म्हशाच्या जत्रेपलीकडं तू काय बघितलंस?"

अर्नाळ्याहून समोरच्या बेटावर होडी जाते. होडीत चढायला पाण्यात शिरावं लागतं. मी साडी वर खोचली आणि भात लावायला चिखलात उतरते तशी उतरले. वारा होता, होडी डुलत होती. लेक टाळ्या पिटत होती. भावजी मात्र पांढरे पडले आणि सकाळचे पोहे समुद्राला देऊन मोकळे झाले. ते पडू नयेत म्हणून मी त्यांची कॉलर धरून बसले. ताई पदरात तोंड घालून हसत होती.

"ऊन लागलं गो, ऊन," भावजी म्हणाले.

बेटावर गेल्या गेल्या ते एका माडाखाली आडवे झाले. ताई त्यांच्याजवळ बसली. मी लेकीचा हात धरून निघाले. किल्ल्याचा जुना कोट, वाळत घातलेले बोंबील, वाऱ्यानं सळसळणाऱ्या झावळ्या. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि विहिरीला गोड. पाणी काढणाऱ्या कोळणीनं आमच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"कुठली गो तू?"

"मुरबाडकडची."

"तिथं दर्या नाय?"

"नाय. डोंगर हायत."

"मंग जीव गुदमरत नाय?"

आम्ही दोघी हसलो. मी कोटाच्या कडेकडेनं सगळं बेट फिरले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला कामाला हाक मारील असं कुणी जवळपास नव्हतं.

पुढच्या लग्नसराईत भावजींनी मांडवात गोष्ट सुरू केली. "हिला बेटावर मी नेलं, माझ्या पैशानं. होडीत काय रडली! माझा हात सोडेना." सगळे हसले, आमचे हेही हसले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मग प्रत्येक हळदीला, प्रत्येक बारशाला तीच गोष्ट. सासूबाईंनी तर नावच पाडलं, "लोकाच्या पैशानं फिरणारी."

ताई म्हणाली, "जाऊ दे गो, त्यांची सवयच हाय."

जाऊ द्यायचं नव्हतं. तो दिवस माझा होता. मी तिला एसटी, होडी, जेवण, शहाळं, सगळ्याचा हिशेब विचारला आणि माझा नि लेकीचा खर्च फेडायचं ठरवलं.

मग करवंदं. सकाळी रानात काट्यांत हात घालायचे, पळसाच्या पानांचे द्रोण करायचे, टोपली घेऊन शहापूरच्या बाजारात बसायचं. यांनी विचारलं, "करवंदांचे पैसे कुठं?"

"घरातले घरात दिले. हे बेटाचे."

पहिल्या मोसमात निम्मे जमले, ते ताईच्या हाती पाठवले. भावजी हसले म्हणे, पण ठेवून घेतले. गोष्ट सांगायची काही थांबली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुतणीच्या हळदीला त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "हिला मी..." मी उठले. पदराची गाठ सोडली आणि नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या.

"मोजा, भावजी."

"अगो, मी मागितले का?"

"मोजा. माझे नि लेकीचे, उरलेले सगळे. होडीत तुमाला उलटी झाली तेवा मीच धरून बसले होते. त्याची मजुरी तुमाला सोडून दिली."

आधी ताई हसली, मग सगळा मांडव. सासूबाईसुद्धा.

भावजींनी खाली मान घालून नोटा मोजल्या. शेवटच्या दहाच्या नोटेपर्यंत पुरे भरले.