बेचिराख वाडीची मोजणी

सकाळचे अकरा वाजले होते. आम्ही दोघं वाडीच्या मधोमध उभे होतो आणि वाडीत एकही माणूस नव्हतं.

"मॅडम, इकडे या जरा," इस्माईलभाईंनी एका दारातून हाक मारली. चुलीवर तवा होता, तव्यात भाकरी. एक बाजू भाजलेली, दुसरी कच्ची. चुलीत कोणीतरी पाणी ओतलं होतं आणि राख अजून वाफाळत होती. आढ्याला बांधलेली झोळी हलत होती. मी वाकून पाहिलं. झोळी रिकामी होती.

"कोणी आहे का?" मी ओरडले. लांब घाटात ट्रक गिअर बदलत होते, तेवढाच आवाज.

मी भूकरमापक आहे, म्हणजे सरकारतर्फे जमिनी मोजते. बावीस वर्षं झाली. इस्माईलभाई आमच्या ऑफिसचे शिपाई, राहणार चौक गावचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मोजणीला निशाण धरायला त्यांच्यासारखा माणूस नाही. कुत्री, बांधावरची भांडणं, कोयते, सगळं आम्ही एकत्र पाहिलंय. पण त्या दिवशी आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो, कारण काही नसताना.

काम साधं होतं. खोपोलीच्या वर, घाटाच्या कुशीत ही वाडी. नाव सांगत नाही. एकोणीस घरं. भोवतालचा माळ मुंबईच्या एका बिल्डरने घेतला होता, सेकंड होम बांधायला. त्याचं म्हणणं, मधली जागाही मोकळीच आहे. जुन्या इंग्रजी मोजणीत तिथे एकच शेरा होता: बेचिराख. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही, ते बेचिराख. वाडीकरांची रेशनकार्डं, मतदान, सगळं खालच्या गावच्या नावावर. माणसं कागदावर होती, वाडी नव्हती. मी जागेवर जाऊन घरं मोजायची आणि वस्ती आहे की नाही ते पंचनाम्यात लिहायचं. नाही लिहिलं, तर एकोणीस घरांवर बुलडोझर.

साहेबांना फोन लावला.

"सर, घरं आहेत. माणसं नाहीत."

"म्हणजे वस्ती नाही."

"सर, तव्यावर भाकरी आहे."

"भाकरी पंच म्हणून सही करणार आहे का? जुन्या नकाशात वाडी नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उद्या परत जा. उद्याही कोणी दिसलं नाही, तर दिसतं ते लिहा."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांच्या टेबलावर आमच्या तालुक्याचे ढीग असतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. दोष असलाच तर सह्याद्रीचा. मुंबईहून वर देशावर जायचं तर घाट चढावा लागतो आणि घाटाचं तोंड आमच्याकडे. म्हणून इंग्रजांनी लोहमार्ग इथूनच नेला. लाकूड आणि कोळसा इथल्याच रानातून मुंबईला गेला. वरून पाणी पडतं म्हणून वीजही इथेच. मग मोठे रस्ते, गोदामं, आता सेकंड होम. जो येतो तो आधी मोजणीदार पाठवतो. आमच्या खात्याला या डोंगराने कधी बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तवेही नव्हते. कोंबडी नाही, कुत्रं नाही. अंगणं झाडलेली होती आणि झाडताना पावलंसुद्धा पुसून टाकलेली. मातीवर खराट्याच्या रेघा आणि त्यांवर फक्त आमच्या बुटांचे ठसे. मी रोव्हर उभा केला. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेली बशी. ती उपग्रहाला आपली जागा विचारते. मशीनने बीप केलं आणि माझ्या पाठीवरून काटा सरकला. कोणीतरी आम्हाला बघत होतं. मला भीती वाटली, हे लिहायला लाज वाटत नाही.

"मॅडम, मशीन गाडीत ठेवू," इस्माईलभाई म्हणाले. "काठी बघून माणूस पळतो."

आम्ही मशीन गाडीत ठेवलं आणि एका ओट्यावर नुसते बसलो. तास गेला असेल.

"पानी पिता काय?"

आवाज आमच्या मागून, घराच्या आतून आला. ते घर मी दोन्ही दिवस आत जाऊन पाहिलं होतं. भाताच्या कणगीमागे, भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. चालता येत नव्हतं म्हणून तिला मागे ठेवलेलं. दोन्ही दिवस ती तिथेच होती. काल झोळीपाशी मी वाकले, तेव्हा माझ्यापासून चार हातांवर.

"आजी, कालच का नाही बोललात?"

"तुज्या हातात काठी व्हती." तिला खोकल्याची उबळ आली. "साखळी कुटं हाय तुजी?"

पूर्वी जमीन लोखंडी साखळीने मोजत. ती आता नसते, असं मी सांगितलं.

"कायबी असू दे. ज्याच्या दारात साखळी पडली, त्याच्या घरचा मानूस गेला. माज्या आज्याचा बाप गोऱ्या सायबाला घर दावायला हुबा ऱ्हायला. मापलं. मंग त्याला घाटात नेला, लोखंडी सडकंच्या कामाला. बोगद्यात गेला तो आलाच नाय. तवापासून मापनारा आला की आमी चूल इझवतो न् रानात जातो."

म्हणजे त्यानंतर आलेला जुना मोजणीदारही इथेच उभा राहिला असणार, अशाच पुसलेल्या अंगणात. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. आणि मी तेच लिहिणार होते.

"आजी, तेव्हा लपून माणसं वाचली. आता लपलात तर वाडी जाईल. कागदावर ही वाडी नाहीच."

"कागदावर नाय म्हनून तर आजवर हाय गं बाय."

इस्माईलभाई पुढे झाले. "आजी, खाली बिल्डरची मशिनं येऊन उभी राहिलीत. ती मोजत नाहीत, सरळ पाडतात."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. मग मला विचारलं, "समदी घरं मापाया लागतील?"

"आज एक पुरे. एका घरात माणूस राहतं असं लिहिलं, की बेचिराख हा शेरा जातो. मग पाडकाम थांबतं. बाकीची नंतर मोजता येतील."

"मंग माजं माप. मी तशीबी निघालीच हाय."

मी मशीन आणलं. घराचे चार कोपरे घेतले, चार बीप. प्रत्येक बीपला तिने डोळे मिटले. नाव विचारलं. "बुधी," ती म्हणाली. घरधनी या रकान्यात मी ते लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. अंगठा गार होता. निघताना वळून पाहिलं, तर समोरच्या झाडीत माणसं उभी होती. पन्नासएक तरी असतील. पाला हलत नव्हता.

साहेबांनी पंचनामा दोनदा वाचला आणि सही केली. बिल्डरचं काम थांबलं. दोन आठवड्यांनी उरलेली घरं मोजायला आम्ही गेलो, तर प्रत्येक दारात माणसं उभी. लेकरं, कोंबड्या, धूर, सगळं जागच्या जागी. कोणी पळालं नाही. मला हायसं वाटलं.

"आजी कुठे आहेत?" मी विचारलं.

"गेली," तिची सून म्हणाली. "तुमी मापून गेल्या त्याच्या चवथ्या दिशी."

ऐंशीच्या पुढचं वय, छातीत खोकला. मला सगळं कळतं. तरी मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि डोळे पुसू लागले. मी तिला मारलं, असंच वाटत होतं.

"रडू नको गं ताई," सून म्हणाली. "तिनं सांगूनच केलं. मापनाऱ्याचं एक मानूस असतंय, ते तिनं दिलं. आता आमाला भ्या नाय."

आम्ही अठरा घरं मोजली. शेवटी मी बुधीच्या घराचा कागद काढला. घरधनी वारला की वारसाच्या अर्जावर नाव बदलतं. कोरा अर्ज बॅगेत असतोच, तो पुढे केला. सुनेने हात मागे घेतला.

"नाव ऱ्हाऊ दे. पुडं आनखी कोन मापाया आला, तर त्याला पैली तीच गावंल."

इस्माईलभाई माझ्याकडे बघत होते. मी अर्ज घडी करून बॅगेत टाकला.

आज तुम्ही ऑफिसात येऊन त्या वाडीचा उतारा मागितलात, तर पहिल्या घरात बुधी राहते. अर्ज आल्याशिवाय नाव कमी करायचं नाही, असा आमचा नियम आहे. मी नियमाने चालते.