रबराला त्रैराशिक चालत नाही

आळेफाट्याला स्कूटर पंक्चर झाली म्हणून नाइलाजाने थांबलो होतो. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता सहज म्हणाला, "सर, तुमचे बाबूभाई गेले की. झाले पंधरा दिस." तुमचे! नऊ वर्षं ज्या माणसाच्या दारावरून मी मान फिरवून गेलो, तो लोकांच्या लेखी अजून माझाच होता. मी फक्त "अरेरे" म्हणालो. लाज वाटली त्या शब्दाची.

बाबूभाई जुन्नरचे, घरी ते आणि त्यांची बायको, आम्हा सगळ्यांची भाभी. फाट्यावर त्यांचं टायर रिमोल्डचं दुकान होतं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, लोखंडी साच्यात घालून तापवायचं. ताप आतपर्यंत पोचला की नवं रबर जुन्याला कायमचं धरतं. मी निमगाव सावाच्या शाळेत गणित शिकवायचो. धाकटी बहीण रंजी, तिचा नवरा दत्ताराव आणि मी मिळून एक ट्रक घेतला होता, तो दत्ताराव चालवायचे. टायरच्या निमित्ताने ओळख झाली आणि मग शाळा सुटली की मी उगाचच बाबूभाईंकडे जाऊन बसू लागलो. माणूस चौथी शिकलेला, पण कोणता टायर किती वेळ तापवायचा हे विचारल्याबरोबर सांगायचा. रबराची जाडी बोटांनी मापायचा, टायरवर तळहात ठेवायचा, थंडीत दहा-पंधरा मिनिटं वाढवायचा. मी खिशातलं पेन काढलं की चहा पुढे करून म्हणायचे, "सर, तुमचं गणित फळ्यावर तापतंय, माझं साच्यात." लई हसायचो आम्ही... असा दोस्त मला शिक्षकांच्या खोलीत कधी मिळाला नाही.

नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी आमच्या ट्रकला दुपारच्या आत मंचरला पोचून कांदा भरायचा होता, आणि टायर अजून साच्यात. बाबूभाई म्हणाले, दोन तास चाळीस मिनिटं लागतील. मी भडकलो. "पिकअपच्या टायरला तासभर लावता. ह्याचं रबर दुप्पट जाड. म्हणजे दोन तास. साधं त्रैराशिक आहे, सातवीतलं पोरगं सोडवील."

"रबराला त्रैराशिक चालत न्हाई, सर. ते लई सुस्त असतंय. भाईरून भाजतं अन् आत थंडच ऱ्हातं. जाडी दुप्पट झाली की टाइम दुपटीच्या लई वर जातो."

"वीस वर्षं गणित शिकवतोय मी, बाबूभाई. आता तुम्ही मला शिकवणार?"

हे मी चारचौघांत बोललो. त्यांनी हात पुसले आणि बरोबर दोन तासांनी साचा उघडला. 'सर' या शब्दापुढे त्यांना स्वतःचा तळहात खोटा वाटला असेल. वरून टायर झकास दिसत होता. मी विजयी मुद्रेने घड्याळ पाहिलं, हेही सांगून टाकतो.

कांदा भरून गाडी नाशिकमार्गे उत्तरेकडे निघाली. घाटाच्या उतारावर नवं रबर सोलून निघालं आणि गाडी दरीत गेली. दत्ताराव जागीच गेले.

दहाव्याला बाबूभाई आले. रंजी सगळ्यांदेखत ओरडली, "कच्चा टायर दिलास रे मेल्या, माझा माणूस खाल्लास!" मी तिच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त... दातखीळ बसली. बाबूभाईंनी हात जोडले. "व्हय, ताई. कच्चाच व्हता." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. त्यानंतर फाट्यावरच्या एकाही गाडीवाल्याने त्यांच्याकडे टायर टाकला नाही. साचा भंगारात गेला, आणि हा कारागीर त्याच जागेत चाकांत हवा भरत बसू लागला. पुढे मी पुस्तकं उघडून पाहिली. त्यांचंच खरं होतं. ते त्यांना जाऊन सांगायला मला नऊ वर्षं पुरली नाहीत. भेकड होतो, दुसरं काय!

एवढं लिहून झाल्यावर रंजीला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"चाळीस मिनिटं?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी भाकर वाढत व्हते मी. तर म्हणले, मेव्हणं घाई करत्यात. उपाशीच गेले." तिने जुडी बाजूला ठेवली. "तेवढ्यात जेवून गेले असते रे, दादा."

मग उठली, चप्पल घातली. "त्या भाभीचं घर दाखव मला. तू भाईरच थांब."

जुन्नरला पोचल्यावर ती आत गेली. मी बाहेर थांबलो. दाराशी एका जुन्या टायरात माती भरून मोगरा लावला होता. त्यावरचं रबर बाबूभाईंनीच चढवलेलं. मी खाली बसलो आणि नव्या-जुन्या रबराचा जोड नखाने उचकटून पाहिला... सुटला नाही.