होडीचा किनारा आणि आबांची तब्येत

ज्या किनाऱ्यावर फक्त होडीनेच जाता येतं, तिथून परतही फक्त होडीनेच येता येतं, ही गोष्ट आमच्या घराण्यात सर्वांत आधी माझ्या चुलतभावाच्या लक्षात आली. तो वैजापुरात असतो आणि आबांना सांभाळतो. आबा म्हणजे आमचे थोरले चुलते, बाजार समितीचे माजी संचालक. त्यांना मूलबाळ नाही. "मला अग्नी माझा थोरला पुतण्याच देईल," असं त्यांनी एका लग्नाच्या मांडवात, नवरानवरीला आशीर्वाद द्यायला हातात दिलेल्या माईकवरून जाहीर केलं होतं. थोरला पुतण्या मी. तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या.

"दादा, तिथं रेंज हाय का?" भावानं फोनवर विचारलं.

"नाही."

"गाडीरस्ता?"

"तोही नाही. डोंगर आडवा आहे, म्हणून तर होडी."

"आन् मधीच आबांचं काही झालं तर? मातीला कसं पोचणार तुम्ही? समिंदर खवळला तर होडीवाला येतो व्हय?"

माती म्हणजे अंत्यविधी. आमच्याकडे लग्नाला गेलं नाही तर लोक रुसतात आणि पुढच्या लग्नात विसरतात. मातीला पोचलं नाही तर ते नातवंडांना सांगितलं जातं. त्यातून अग्नी देणाराच समुद्रापलीकडे नारळाखाली पडलेला, हे तर अख्ख्या तालुक्याला पुरलं असतं.

किनारा शोधला होता बायकोनं. कारवारच्या पुढे कुठेतरी, झावळ्यांच्या झोपड्या, वीज फक्त संध्याकाळपुरती, फोन अजिबात नाही. मला ही गैरसोयींची यादी वाटली. तिला तेच हवं होतं. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. शाळेत दिवसभर 'बाई, बाई', घरी 'वहिनी', 'काकू', 'अगं ऐकलंस का'. निवृत्तीनंतर शाळेतल्या हाका थांबल्या, घरातल्या वाढल्या. "चार-पाच दिवस मला कुणी हाक मारायची नाही," एवढंच तिचं मागणं होतं.

अडचण तिच्या गुडघ्यांची होती. होडी वाळूपर्यंत जात नाही. मांडीभर पाण्यात उतरून चालावं लागतं. दिवाळीआधी दोन्ही गुडघे बदलायचे ठरलेले, आणि नंतर असले उद्योग विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पावसाळ्यात होड्या बंद. म्हणजे या उन्हाळ्यात गेलो तर गेलो.

दोनदा बुकिंग करून आम्ही ते मोडलं होतं. पहिल्यांदा आबांना धाप लागली म्हणून निरोप आला. आमच्या मुकुंदवाडीच्या घरून धावतपळत पोचलो तर ते दह्याशी धपाटं खात बसले होते. दुसऱ्यांदा नाडी लागत नव्हती. आम्ही पोचेपर्यंत ती लागली होती आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून वाद चालू होता. भाऊ तयारीचा माणूस. त्यानं फोटो आधीच निवडून ठेवला होता. आबांनी चष्मा लावून तो पाहिला आणि नापास केला.

"ह्यात मी आजारी दिसतो," ते म्हणाले. "फेट्यातला लाव."

तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "चला, त्यांनाच विचारू." मला हा विचार मुळीच पटला नव्हता, पण न जाण्याचं कारणही सुचलं नाही.

आबांचा पलंग ओसरीत असतो. तब्येत विचारायला येणाऱ्यांना सरळ दिसावा म्हणून त्यांनीच तो तिथं हलवून घेतला आहे. त्या दिवशीही कांद्याचे दोन व्यापारी आणि एक माजी सरपंच समोर बसले होते. मी जमेल तितक्या हळू आवाजात होडीचा विषय काढला.

"जा की," आबा मोठ्यानं म्हणाले. "मी कोण अडवणारा?" मग व्यापाऱ्यांकडे वळून, "पुतण्या समिंदराला चाललाय. म्हातारं हितं श्वास मोजतंय, मोजू द्या."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी सारं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात काढलं. माणसाच्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकांचं एक अख्खं कपाट माझ्या ताब्यात होतं. त्यातलं एकही वाक्य त्या ओसरीत कामाला आलं नाही.

"नाही जात, आबा," मी म्हणालो.

बायको आतून चहाचे कप घेऊन आली होती. ट्रे खाली ठेवून तिनं विचारलं, "आबा, अग्नी कोण देणार?"

"ह्योच. सांगितलंय ना मी सगळ्यांला."

"आणि मी काय करायचं असतं तेव्हा?"

आबांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "बायामाणसं घरी थांबत्यात. रडत्यात."

"मग मी आल्यावर रडेन."

माजी सरपंचांनी कपात पाहिलं. आबा हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि दारात उभा असलेला भाऊ पाणी आणायला धावला. पाणी प्यायल्यावर त्यांनी नुसता हात हलवला. "जा बाई. तू जा. हा राहील."

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "पुढच्या वर्षी दोघं जाऊ."

"पुढच्या वर्षी माझे गुडघे लोखंडाचे असतील," ती म्हणाली आणि सोयगावच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. मेव्हणीनं कारण विचारलं नाही, फक्त पोहता यावं लागतं का एवढंच विचारलं.

मी दोघींना स्टेशनवर सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला. मागे वारा होता आणि मेव्हणी किंचाळत होती. "होडी आली. ठेवते." बस, इतकंच.

मी फोन चार्ज करून उशाशी ठेवायला लागलो. रोज संध्याकाळी भाऊ कळवायचा, "आबा ठीक. दोन भाकरी खाल्ल्या." इतकी ठणठणीत तब्येत मी त्यांची दोन वर्षांत ऐकली नव्हती. शेजारचे विचारत, वहिनी कुठं गेल्या, आणि तुम्ही का नाही गेलात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार लांब व्हायचं, म्हणून मी उन्हाचं निमित्त सांगायचो.

एका सकाळी गॅसचा लायटर सापडेना. सगळे ड्रॉवर उपसून झाल्यावर मी तिला फोन लावला. ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर असल्याचं एका बाईनं आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगितलं. मी ते तिन्ही भाषांत नीट ऐकलं. मग फोन ठेवला आणि देवघरातून काड्यापेटी आणली.