निरे हातच दाखवते म्हणे

"निरे हातच दाखवते म्हणे हे पोट्टी. तोंड त चांगलं आहे, मंग दाखवत काहून नाही?"

आतल्या चुलीपाशी हे बोलणं झालं तेव्हा मी बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, खाटेवर बसून ट्रायपॉडचा स्क्रू घट्ट करत होते. तो आधीच घट्ट होता. बोलणाऱ्या मावशी म्हणजे, ज्यांच्याकडे मी व्हिडिओ करायला आले होते त्या ताईंच्या सासूबाई. आवाज हळू ठेवायचा त्यांनी काहीही प्रयत्न केला नव्हता. ताई माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या आणि म्हणाल्या, चला, अजून एकदा करून पाहू.

आमचे बरेच प्रयत्न करून झाले होते. गोष्ट सोपी होती. शहरातली इंग्रजी शाळेत शिकलेली नवी सून खेड्यात येते, तिला काहीच जमत नाही, मोठी जाऊ तिला चिडवते. नवी सून मी. वाक्यं फक्त तीन. फोनवर लाल ठिपका लागला की माझं वाक्य अर्ध्यातच विरायचं. एकदा चुकून पूर्ण झालं, तर मागे कोंबडा आरवला. ताई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ताईंची आणि माझी ओळख फोनवरचीच होती. त्या दिघोरीच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या सून. त्यांच्या चॅनलवर त्या आणि सासूबाई एकमेकींना टोमणे मारायच्या. भाजीत मीठ का कमी, गाय कोणी सोडली, असले विषय. आमच्या जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात बायका तो फोन हातोहात फिरवत. माझं उलट. माझे बाबा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात. मी मागाचे व्हिडिओ टाकते. त्यात बाबांचे हात, माझे हात आणि मागाची खटखट एवढंच असतं. चेहरा नाही, आवाज नाही. खाली दूरदूरची माणसं 'सो पीसफुल' लिहून जातात. आमच्या गल्लीतल्या कोणाला माहीतही नाही की ते हात माझे आहेत. ते मला बरंच वाटायचं. पण वर्षभर आकडा हलला नव्हता. ताईंनी मेसेज केला की दोघी मिळून एक व्हिडिओ करू, तो दोघींच्या पानांवर दिसेल, माझे लोक तुले पाहतीन, तुझे मले. त्या आवाजी मेसेज पाठवायच्या, मी टाइप करून उत्तर द्यायचे. त्यांनी कधी त्याबद्दल विचारलं नाही.

खरं कारण मला त्या दिवशी बसथांब्यावरून ताईंबरोबर त्यांच्या घरी चालत येताना कळलं. मावशींनी कॅमेऱ्यासमोर यायचं बंद केलं होतं. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत. कोणीतरी एका व्हिडिओखाली लिहिलं, बुढीच्या तोंडाला खिडकी आहे, पल्ले लावा. नात्यातल्या एका लग्नात एका भाच्याने ते पंगतीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले, मावशीही हसल्या, पण तोंडावर पदर घेऊन. तेव्हापासून तो पदर खाली आला नाही. विचारलं तर म्हणतात, कंबर दुखते.

ताई चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, लोक कमी झाले त्याचं एवढं नाही. "व्हिडिओच्या आधी आमचं दोघींचं बोलनं म्हनजे बादली भरली का, गाय बांधली का. व्हिडिओसाठी भांडता भांडता आम्ही बोलाले लागलो. आता पुन्हा बादलीवर आलो." मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे निघाल्या. मी त्यांच्या मागून चालू लागले.

म्हणजे मी तिथे मावशींच्या रिकाम्या जागेवर बसायला आले होते, आणि ती जागा मला भरता येत नव्हती.

आणखी एक प्रयत्न फसला तेव्हा ताई पाणी आणायला विहिरीवर गेल्या. एकटीला बसवेना म्हणून मी आत गेले. मावशी सरगुंडे करत होत्या. मळलेल्या कणकेची बोटाने लांब दोरी वळायची, ती काडीवर गुंडाळत न्यायची, मग काडी अलगद ओढून घ्यायची की वेटोळं तेवढं राहतं. ते थोडं सुकलं की वाफवायचं आणि कैरीच्या पन्ह्यात खायचं. सुपात बरीच वेटोळी झाली होती. मला पाहून त्यांनी कोपराने पदर ओठांवर सरकवला, कारण दोन्ही हात कणकेत होते.

मी समोर बसले आणि न विचारता एक काडी उचलली. त्यांच्या हातांची ती फिरकी मला अगदी ओळखीची होती. लहानपणापासून मी चरख्यावर कांड्या भरते. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती दोऱ्याची नळी. तिच्यावर दोरा दोऱ्याला खेटून भरावा लागतो, फट राहिली की विणताना अडतो. मी तसंच केलं. कणकेचा वेढा वेढ्याला नीट खेटवून, मनापासून, दोन काड्या भरल्या. मला वाटलं, फार छान झालंय.

मावशींनी माझी काडी उचलून उजेडात धरली. वेढे एकमेकांना चिकटून त्याची एक जाड नळी झाली होती. काडी ओढली तर ती निघेना.

"हे सरगुंडे होय का बांबू?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या. पदर घसरला. सावरायला हात मोकळे नव्हते.

मी शेजारी ठेवलेल्या माझ्या फोनकडे बोट केलं आणि पुटपुटले की फक्त हात घेऊ का. त्यांनी थोडा विचार केला. हाताले काय होते, घे, म्हणाल्या. मी फोन पाटावर आडवा टेकवला. चौकटीत त्यांचे हात, माझे हात आणि सूप. त्यांनी वाकून एकदा खात्री करून घेतली की तोंड कुठेच येत नाही, मग निश्चिंत होऊन मांडी घातली.

त्यानंतर त्या जे बोलायला लागल्या ते मी आजही सलग आठवू शकत नाही. मध्ये जागा सोड म्हणाल्या, कणकेलाही श्वास लागतो म्हणाल्या, तुझ्या आईनं तुले शाळेत टाकताना चुलीचा पत्ता सांगितला नव्हता का म्हणाल्या. घागर घेऊन आलेल्या ताई दारातच थबकल्या. मी खुणेने त्यांना सांगितलं की चालू आहे. त्यांनी घागर तशीच कमरेवर ठेवली आणि तिथूनच म्हणाल्या, "शहरातली सून आनली न आई, असेच होतीन."

"तू त गावातली होती. तुझे कोनते चांगले झालते? पहिल्या साली जनावराले घातले."

"जनावरानं खाल्ले न? मंग चांगलेच होते."

मावशींचे हात थांबले. त्या सुनेकडे वळून बघत राहिल्या आणि मग दोघी एकदम हसल्या, खूप वेळ, अशा की घागरीतलं पाणी उंबऱ्यावर सांडलं. फोनमध्ये यातलं काहीच दिसत नव्हतं. तिथे फक्त आमचे थांबलेले पिठाळ हात होते आणि वरून येणारं हसणं.

तो व्हिडिओ आम्ही दोघींच्या पानांवर टाकला. माझ्याकडे जिल्ह्यातली माणसं येऊ लागली आणि दूरची काही निघून गेली, बहुतेक त्यांना शांतता हवी होती. ताईंच्या चॅनलवर बरेच दिवस फक्त हातच दिसले. शेंगा सोलणारे, सारवणारे, दोर वळणारे, आणि वर भांडण तसंच चालू. पुढे धान कापणीच्या सुमारास एकदा मावशी पूर्ण दिसल्या, तोंड उघडं टाकून, सुनेवर ओरडताना. ताईंनी मला तो व्हिडिओ आधी पाठवला होता. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. पदर खांद्यावर होता.

पण त्या पहिल्या व्हिडिओच्या शेवटी एक आवाज आहे, त्याबद्दल लोक अजून विचारतात, हे तिसरं कोण.

झालं असं की मी फोन बंद करायला हात पुढे केला तेव्हा मावशी म्हणाल्या, थांब. हात तुझेही आले आणि बोललो आम्ही दोघीच, लोक म्हणतील ही मुकी आणली कुठून. काहीतरी बोल, नाही तर टाकू नको. मी मान हलवली. त्या ऐकेनात. हातातली काडी खाली ठेवून त्यांनी मघाचाच प्रश्न विचारला, या वेळी माझ्याकडे बघून.

"सांग न वो. तोंड काहून नाही दाखवत?"

ताईंनी घागर खाली ठेवली. फोन चालूच होता. हे नंतर कापून टाकता येईल असं मी स्वतःला सांगितलं आणि मावशींकडे पाहिलं. पदर मघापासून मांडीवर पडला होता, त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. घरी आई-बाबांशिवाय कोणाशी मी ज्या बोलीत बोलत नाही, तीच तोंडात आली.

"मलेही भेव लागते, मावशी. लोकं हासतीन म्हनून."