मामीची धडधड

बुलढाण्यात नोकरीला लागले, त्या वर्षीची गंमत. एका सकाळी धाडहून मामा-मामी दारात हजर… मामीचा चेहरा पांढराफटक.

लेकीला रोहिणखेडला सासरीच मुलगा झालेला, आणि मामीने अजून नातू पाहिलेला नव्हता. निघायचं म्हटलं की छातीत धडधड, हातपाय गार. हृदयाची तपासणी झाली, काही निघालं नाही. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं असेल. मामी मला विचारायची, "मी येडी होऊन राह्यली का वं?"

तेव्हा आठवड्यातून एकदा गावात मनाचे डॉक्टर यायचे. त्यांच्याकडे नेलं.

डॉक्टर विचारायचे मामीला, उत्तरं द्यायचा मामा. झोप? "मस्त झोपते." भूक? "दोन भाकरी खाते." शेवटी डॉक्टरांनी मामाला चहा प्यायला पिटाळलं.

मग मामीला म्हणाले, "आज उठल्यापासून सगळं सांगा. सावकाश."

शेण, पाणी, भाकरी… मामी छान सांगत होती. "मंग ह्यायनं नवी फटफटी काढली," म्हणाली आणि गप्प. पदर मुठीत घट्ट.

डॉक्टर नुसते थांबले…

"लय भेव लागते," मामी हळूच म्हणाली. "पण सांगू कशी? किती हौसेनं घेतली त्यायनं."

डॉक्टर उठून बाहेर गेले आणि मामाला म्हणाले, "मला घाटापर्यंत एक चक्कर मारून आणा." मामा जाम खूश!

परत आले तेव्हा डॉक्टरांचे केस उभे, चष्मा खिशात. आधी पाणी प्याले. "बाई, तुमचं काळीज अगदी बरोबर काम करतंय!"

मग उपचार आखला. नातवाकडे एसटीने, उद्याच. नंतर अंगणात उभ्या गाडीवर नुसतं बसायचं. जमलं की गल्लीच्या टोकापर्यंत, मग वावरापर्यंत. मामीने पाठीवर थाप मारली की मामाने वेग कमी करायचा.

"अन् गोळ्या?" मामा हिरमुसून म्हणाला.

"तुम्हाला हव्यात का?"

बाहेर आल्यावर मामा मामीला म्हणाला, "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा?"

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेले. घाटात एसटीच्या खिडकीतून मागे पाहिलं, तर मामा फटफटीवर, धुरळा खात, बैलगाडीच्या वेगाने येत होता. रोहिणखेडला मामीने नातू मांडीवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत कुणाला दिलाच नाही.

आजही कुणी "त्यात काय घाबरायचं?" म्हणालं की ते डॉक्टर आठवतात… आमच्या मामीचं सगळं ऐकून घेऊन, वर स्वतः मागच्या सीटवर बसून आलेले. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.